लो बी फ्लॅटच्या खाली: सॅक्सोफोनवर लो ए काढताना काय आधी, काय नंतर

बहुतेक सॅक्सोफोनवरचा सर्वांत खालचा सूर म्हणजे लो बी फ्लॅट. तो लावला की सगळी छिद्रं बंद होतात, हवा थेट बेलच्या, म्हणजे वाद्याच्या रुंद, पसरट टोकाच्या, तोंडातून बाहेर पडते आणि बोटांखाली बंद करण्यासारखं काही उरत नाही. त्याखालचा ए हवा असेल तर दोनच मार्ग आहेत: बेलचं तोंड अरुंद करायचं, नाहीतर नळी लांब करायची. पहिलं काम पायाने होतं, दुसरं बेलमध्ये घातलेल्या गुंडाळीने.

ऐकायला सोपं वाटतं, पण बहुतेक जण उलट्या टोकापासून सुरुवात करतात. आधी पाय बेलवर नेतात, सूर फाटतो, मग जबडा आवळतात, रीड (तोंडात धरायच्या माउथपीसवरची पातळ पट्टी) बदलतात, शेवटी माउथपीसला दोष देतात. दोष असतो तो आधीच्या सुरात. ज्याचा लो बी फ्लॅट डळमळतो त्याचा लो ए लागणं जवळजवळ अशक्य, कारण बोटं तीच, फुंक तीच, फक्त अडथळा वाढलेला. म्हणून पहिल्या तीन पायऱ्यांत पाय आणि नळी बाजूलाच ठेवायची आहे. त्या ओलांडून पुढे उडी मारू नका.

## पायरी 1: नेमका कोणता सूर हवा आहे ते ठरवा

लिहिलेला लो ए पाच ओळींच्या खाली, दुसऱ्या जादा रेषेवर येतो. पण सॅक्सोफोन लिहिलेल्या सुरापेक्षा वेगळा वाजतो, आणि ट्यूनर दाखवतो तो वाजलेला सूर. इथेच पहिला घोळ होतो: सूर बरोबर लागलेला असतो आणि वाजवणारा ट्यूनरवर ए शोधत बसतो. ट्यूनर ए = 440 वर ठेवला असेल तर हे दिसायला हवं:

- सोप्रानो: लो ए लावल्यावर जी, 196 हर्ट्झ
- आल्टो: लो ए लावल्यावर सी, सुमारे 131 हर्ट्झ
- टेनर: लो ए लावल्यावर जी, 98 हर्ट्झ
- बॅरिटोन: आजकालच्या बहुतेक वाद्यांना लो एची की असतेच. त्याखालचा ए फ्लॅट काढायचा असेल तर ट्यूनरवर बी, सुमारे 62 हर्ट्झ

मग त्या जागेच्या आजूबाजूचे सूर बघा. आपण नवा सूर मिळवत नाही, जुन्याच्या बदल्यात घेतो. नळी घातली की लो बी फ्लॅटच्या बोटांवर ए वाजतो, म्हणजे नळी आत असेपर्यंत बी फ्लॅट गेला. बॅरिटोनवर लो एच्या बोटांवर ए फ्लॅट येतो, म्हणजे तिथे ए जातो. लो बीसुद्धा नळीमुळे थोडा उतरतो. तुमच्या ओळीत ए आणि बी फ्लॅट लागोपाठ असतील तर नळी बाद, पायच वापरावा लागेल. ए फक्त शेवटच्या लांब सुरात असेल तर दोन्ही चालतील.

तपासा: ज्या तुकड्यात लो ए आहे त्यात बी फ्लॅट कुठे कुठे आहे त्यावर पेन्सिलने खूण करा. पुढचा निर्णय या खुणांवर ठरतो.

## पायरी 2: गळती शोधा

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे. लो बी फ्लॅट लावताना वाद्यावरचा प्रत्येक पॅड (छिद्र झाकणारी छोटी गादी) बंद असावा लागतो, त्यामुळे कुठल्याही एका पॅडची बारीकशी गळती या सुराला लागते. वरच्या सुरांना ती कळतही नाही. बेलचं तोंड झाकलं की तीच गळती आणखी बोचते, कारण हवेचा बाहेर जायचा मोठा रस्ता अरुंद झालेला असतो.

सर्वांत आधी बोटांचा दाब तपासा. लो बी फ्लॅट साध्या, हलक्या दाबाने लागतो का? की बोटं करकचून दाबल्यावरच लागतो? आवळल्यावरच लागत असेल तर ती बोटांची कमजोरी नाही, पॅड नीट बसत नाही.

मग हळू आवाजात, जीभ न लावता, जीपासून एकेक सूर खाली या: जी, एफ, ई, डी, सी, बी, बी फ्लॅट. कुठल्या सुरावर आवाज पहिल्यांदा जड होतो तिथे लक्ष द्या. त्या जागेवरून दोषी पॅड बऱ्यापैकी अचूक सांगता येतो:

- ई ठीक, डी जड: डीचा पॅड, किंवा उजव्या करंगळीजवळचा ई फ्लॅटचा पॅड.
- डी ठीक, सी जड: लो सीचा पॅड, किंवा लो सी शार्पचा, जो एरवी बंदच असतो.
- सी ठीक, बी जड: लो बीचा पॅड, किंवा जी शार्प.
- बी ठीक, बी फ्लॅट जड: बेलवरचा लो बी फ्लॅटचा पॅड.

यातला जी शार्प नीट समजून घ्या, कारण तो लक्षात न येणारा चोर आहे. आधुनिक वाद्यांवर डाव्या करंगळीने लो सी शार्प, बी किंवा बी फ्लॅट दाबला की जी शार्पची यंत्रणाही सुटते. तो पॅड खाली धरून ठेवायचं काम उजव्या हाताच्या कीला जोडलेली एक आडवी पट्टी करते, आणि त्या पट्टीवर एक छोटा समायोजन स्क्रू असतो. तो स्क्रू किंवा त्याखालची कॉर्कची चकती झिजली की जी शार्प केसभर उघडा राहतो. खूण साधी: लो सी छान वाजतो आणि त्याखालचे सगळे सूर एकदम बिघडतात.

तपासा: लो डी वाजवत राहा आणि मध्येच डाव्या करंगळीने जी शार्पची की दाबा. सूर, आवाजाचा रंग, काहीही बदलायला नको. बदलला तर स्क्रूचं काम आहे. स्क्रू एका वेळी जेमतेम एक अष्टमांश फेरा फिरवा आणि पुन्हा तपासा. जास्त फिरवलात तर जी शार्प बंद राहील, पण उजव्या हाताचे पॅड वर उचलले जातील, आणि एका गळतीच्या जागी दुसरी तयार होईल.

यानंतर नेक, म्हणजे माउथपीस बसतो ती वरची वाकडी नळी, बघा. जी लावून अंगठ्याने ऑक्टेव्ह की (सूर एक सप्तक वर नेणारी) दाबा-सोडा करा. जीवर नेकवरची छोटी ऑक्टेव्ह की हलायला नको. ती थरथरत असेल तर नेकला वेढणारी कडी वाकलेली असण्याची शक्यता आहे. नेकचा स्क्रू घट्ट केल्यावरही नेक हाताने सहज फिरत असेल तर हवा तिथून जाते.

शेवटी अंधाऱ्या खोलीत दिव्याची बारीक तार बेलमधून किंवा नेकच्या बाजूने आत सोडा, पॅड हलकेच बंद करा आणि कडेने प्रकाश दिसतो का पाहा. लो सी, बी, बी फ्लॅट हे सगळ्यात मोठे पॅड. वाद्याला बेलच्या बाजूने धक्का बसलेला असेल तर हेच आधी सरकतात.

सावधान: दिसलेल्या गळतीवर कागदाचे तुकडे चिकटवून काम भागवू नका. स्क्रूचा किरकोळ बदल स्वतः करता येतो, पॅड बसवणं आणि वाकलेली की सरळ करणं दुरुस्ती करणाऱ्यावर सोडा.

आणखी एक गोष्ट गळतीसारखी भासते पण गळती नसते: चुकीचं बोट. लो बी फ्लॅट दाबताना डावी करंगळी थोडी वर घसरली की लो सी शार्प उघडतो. उजवी करंगळी लो सीवर असताना ई फ्लॅटला टेकली तर तोही उघडतो. डाव्या तळहाताच्या कींचं तसंच. आरशासमोर उभे राहून एकदा बघा, बराच शोध वाचेल.

## पायरी 3: लो बी फ्लॅट पक्का करा

वाद्य ठीक आहे, तरी सूर फुटतो. मग गोष्ट तोंडाची आणि फुंकीची आहे.

लो सीवर लांब सूर धरा. जीभ न लावता बीवर, मग बी फ्लॅटवर उतरा. फुंक तीच ठेवा. खाली जाताना फुंक कमी करण्याची सवय असते, आणि त्याच क्षणी सूर वरच्या सप्तकात उडतो. खालचा जबडा किंचित सैल, गाल आत ओढलेले नाहीत, घशात जांभई आल्यासारखी मोकळीक. हवा काचेवर वाफ धरायला सोडतो तशी, गरम आणि रुंद. फुंकर मारल्यासारखी नको.

हे जमलं की बी फ्लॅट सरळ सुरू करा, पण आधी फक्त श्वासाने, ‘ह’ म्हणाल तसा. मग जिभेने, ‘त’ नव्हे तर ‘द’. खालच्या सुरांना कडक जीभ सोसत नाही, तिने रीड दणकतो आणि पहिला आवाज वरच्या सप्तकाचा निघतो.

मग याच बोटांवर उलटा सराव करा. लो बी फ्लॅटची बोटं धरून, ऑक्टेव्ह की न लावता, घसा आणि जीभ हलवून वरचा बी फ्लॅट काढा, त्यावरचा एफ काढा, आणि पुन्हा मूळ सुरावर या. या परतीच्या प्रवासातच कान आणि घसा मूळ सुराची जागा शिकतात. लो ए काढताना सूर सगळ्यात जास्त वेळा नेमका वरच्या सप्तकात फुटतो, आणि तिथून खाली यायची वाट तुम्हाला आधीच माहीत असली पाहिजे.

रीडबद्दल एकच सल्ला: लो एसाठी रीड कडक करू नका. नेहमीचाच वापरा, फार तर अर्धा नंबर मऊ. कडक रीडने वरचे सूर सावरतात, खालचे अडतात.

आणि घरघर? लो बी फ्लॅट किंवा बीवर आवाज मोटारबोटीच्या इंजिनासारखा थरथरत असेल तर गळती पुन्हा तपासा. गळती नसेल तर माउथपीस नेकवर फार आत ढकलला आहे का बघा. थोडा बाहेर काढल्यावर थांबत असेल तर कारण तेच होतं. काही वादक बेलच्या तळाच्या वळणात एक बूच टाकून घरघर थांबवतात. कधी कधी खरंच थांबते, पण त्याने सूर खाली उतरत नाही, म्हणून लो एच्या कामात त्याचा उपयोग नाही. बूच टाकलं असेल तर पुढच्या पायऱ्यांआधी काढून घ्या.

तपासा: मंद आवाजात, श्वासाने सुरू करून, लो बी फ्लॅट सलग पाच वेळा स्वच्छ लागतो का? लागत नसेल तर इथेच थांबा.

## पायरी 4: पायाने बेल झाकणं

अर्धं तोंड झाकलं की अर्धा सूर उतरेल, असं वाटतं. तसं होत नाही. बेलचं तोंड अर्ध्याहून जास्त झाकलं तरी सूर जेमतेम हलतो. शेवटची फट उरते तिथे तो भराभर उतरायला लागतो, आणि त्याच्या पलीकडे थोडं जरी गेलं तरी आवाज घुसमटून बंद पडतो. म्हणजे उपयोगाची जागा फार छोटी असते. पाय एकदम दाबणाऱ्याला ती सापडतच नाही.

क्रम असा ठेवा:

1. आल्टो घेऊन खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसा. वाद्य दोन पायांच्या मध्ये असो वा बाजूला, बेलचं तोंड कुठल्या मांडीच्या आतल्या भागाकडे सहज वळतं ते आधी न वाजवता बघा. मांडीचा मऊ भाग लागतो, गुडघ्याची वाटी नाही. हाड कडेला टेकलं की फट वेडीवाकडी राहते.
2. स्ट्रॅप एक घर लांब करा, म्हणजे वाद्य खाली येईल आणि पाठ वाकवावी लागणार नाही.
3. लो बी फ्लॅट सुरू करा. वाद्य स्थिर ठेवून मांडी हळूहळू बेलकडे आणा. पाय वाद्याकडे येतो, वाद्य पायाकडे नाही, कारण वाद्य हललं की माउथपीस तोंडात सरकतो.
4. ट्यूनरचा काटा उतरायला लागला की तिथेच थांबा. फुंक थोडी वाढवा, जबडा आणखी सैल करा. आता मिलिमीटरने पाय आत आणा.
5. लक्ष्य सूर लागला की पायाची जागा लक्षात ठेवा. बेलच्या काठाचा कुठला भाग मांडीला कुठे टेकला आहे ते डोळ्यांनी नव्हे, स्पर्शाने ओळखायला शिका. वाजवताना खाली बघायला सवड नसते.

सरळ सोप्रानोवर हे सर्वांत सोपं, कारण बेल थेट खाली बघते आणि बसलेल्या माणसाची मांडी आपोआप खाली असते. उभं राहून वाजवायचं असेल तर एक पाय ठेंगण्या स्टुलावर घ्या. टेनरवर पाय पोचतो, पण बेल मोठी असल्याने मांडी पूर्ण तोंड व्यापत नाही. तिथे मांडी आणि पोटरी यांच्यामध्ये बेल धरून काही जण जमवतात. माझ्या मते टेनरवाल्याने त्या कसरतीत पडण्यापेक्षा सरळ पुढच्या पायरीवर जावं. बॅरिटोनवर पाय पोचतच नाही, बेल वर असते.

सावधान: पाय झटकन वर नेला तर बेल वर उचलली जाते आणि माउथपीस वरच्या दातांवर आदळतो. पँटचं बटण, चेन, खिशातली किल्ली बेलच्या लॅकरवर ओरखडे काढते. आणि बेलजवळच्या लांब दांड्यांवर आणि पॅडच्या जाळ्यांवर पायाचा जोर येऊ देऊ नका.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक मात्र वेगळी आहे. पाय अपुरा पडतो, सूर बी फ्लॅट आणि एच्या मध्येच अडकतो, आणि वाजवणारा उरलेलं अंतर जबडा सोडून भरतो. असा सूर एकट्याने वाजवताना चालतो, दुसरं वाद्य सोबत आलं की लगेच ऐकू येतो. अंतर आधी पायाने भरा. जबड्याकडे शेवटची थोडी डागडुजी ठेवा.

## पायरी 5: बेलमध्ये नळी घालणं

पायापेक्षा नळीचा सूर भक्कम लागतो, आणि प्रत्येक वेळी सारखाच लागतो. फक्त ती बनवताना घाई नको.

किती लांब? अर्धा सूर खाली जायचं म्हणजे नळीची प्रभावी लांबी सुमारे 6 टक्के वाढवायची. हवेतला आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर. त्याला सुराच्या हर्ट्झच्या दुपटीने भागलं की प्रभावी लांबी येते. आल्टोचा लो बी फ्लॅट 138.6 हर्ट्झला वाजतो, त्याची लांबी सुमारे 124 सेंटिमीटर. लो एची 131 सेंटिमीटर. फरक साधारण साडेसात सेंटिमीटरचा. याच हिशोबाने सोप्रानोला 5, टेनरला 10 आणि बॅरिटोनच्या लो एच्या खाली जायला साडेपंधरा सेंटिमीटर येतात.

पण हा आकडा थेट कापू नका. बेल पसरट असते आणि तुमची गुंडाळी सरळ, बेलपेक्षा अरुंद. त्यामुळे खरा आकडा गणितापेक्षा थोडा इकडेतिकडे जातो. बेलच्या काठाबाहेर आल्टोला 12, टेनरला 15, सोप्रानोला 8, बॅरिटोनला 20 सेंटिमीटर येतील अशी नळी घेऊन सुरुवात करा आणि कमी करत जा. लांब नळी छोटी करता येते, छोटी लांब होत नाही.

कशाची? फाइलच्या कव्हरचं जाड प्लॅस्टिक उत्तम. आल्टोला ए-फोर आकाराचं पुरतं, टेनर आणि बॅरिटोनला त्याहून मोठं लागतं. जाड पुठ्ठाही चालतो, पण श्वासाच्या ओलाव्याने मऊ पडतो. प्लॅस्टिकची गुंडाळी स्वतःहून उलगडू पाहते आणि बेलच्या आतल्या भिंतीला दाबून बसते, हा तिचा मोठा फायदा.

बसवायची कशी?

1. दिवा घेऊन बेलच्या आत बघा. काठाच्या सर्वांत जवळचं मोठं छिद्र लो बी फ्लॅटचं (लो एची की असलेल्या बॅरिटोनवर लो एचं). गुंडाळीचं आतलं टोक त्या छिद्राच्या वर राहिलं पाहिजे. छिद्रापर्यंत गेलं तर ए वाजेल, पण बी आणि सी बिघडतील.
2. प्लॅस्टिक गुंडाळून बेलमध्ये घाला, सोडा, त्याला पसरू द्या. नीट बघा: नळी सरळ आहे आणि बेल पसरत जाते, त्यामुळे ती बेलला फक्त आपल्या आतल्या टोकाशी टेकते. बेलच्या काठापाशी नळी आणि बेलमध्ये मोकळी जागा दिसेल. ती असू द्या, तिने बिघडत नाही. गळती होते ती आतल्या टेकलेल्या कड्यावर.
3. म्हणून फोमची पातळ पट्टी नळीच्या आतल्या टोकाभोवती, बाहेरच्या बाजूने गुंडाळा. चिकटपट्टी लावायची ती नळीवर, वाद्यावर कधीच नाही.
4. गुंडाळीची शिवण, म्हणजे प्लॅस्टिकची एकावर एक आलेली कड, बाहेरून पूर्ण लांबीवर चिकटपट्टीने बंद करा. हे बहुतेक जण विसरतात आणि मग आवाज फुसफुसतो.

तपासा: लो बी फ्लॅटची बोटं धरून वाजवत असताना कोणाला तरी नळी आणि बेलच्या मधल्या फटीपाशी पातळ कागदाची पट्टी धरायला सांगा. पट्टी फडफडत असेल तर आतलं कडं गळतंय.

जुळवायची कशी? आधी दहा मिनिटं वाजवून वाद्य गरम करा. थंड वाद्य उतरलेलं वाजतं. थंडीतच नळी कापली तर सूर बरोबर येतो, आणि वाद्य तापलं की चढतो. मग जोडायला प्लॅस्टिक उरत नाही.

गरम झाल्यावर सूर लावा. उतरलेला दिसेल, तसाच यायला हवा. आता 5 मिलिमीटर कापा, वाजवा, बघा. आल्टोवर एक सेंटिमीटरने साधारण 13 सेंटचा (अर्धा सूर म्हणजे 100 सेंट) फरक पडतो, टेनरवर 10, सोप्रानोवर 20. काटा जवळ आला की 2 मिलिमीटरने जा. कापणं टाळायचं असेल तर एकात एक बसणाऱ्या दोन गुंडाळ्या करा, बाहेरची सरकवून लांबी बदला आणि सापडलेल्या जागी पेन्सिलची रेघ ओढा. मला हीच पद्धत जास्त आवडते. एकच नळी वेगवेगळ्या वाद्यवृंदांच्या पट्टीला जुळवून घेता येते.

सावधान: नळी आत असताना वाद्य स्टँडवर ठेवू नका. बॅरिटोनवर तर नळी बरीच उंच उभी राहते आणि वजन वर जातं. आधी नळी काढा, मग वाद्य ठेवा.

## पायरी 6: रचनेत वापरणं

पायाचा लो ए वाजवायचा असेल तर त्याच्या आधीच्या दोन-तीन सुरांतच मांडी जागेवर येत राहिली पाहिजे. स्वरलिपीत ए लिहिलेल्या जागी खूण करून उपयोग नाही, खूण दोन माप (बार) आधी करा. लो सी, बी असे उतरत येत असाल तर मांडी बेलच्या जवळ आली तरी त्या सुरांवर फारसा परिणाम होत नाही, कारण त्यांची हवा मुख्यतः बेलवरच्या छिद्रांतून जाते. म्हणजे पाय आणायला तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ मिळतो.

नळीचं गणित वेगळं. ती एका रचनेच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत आत राहणार असं धरूनच चाला. पहिल्या पायरीत बी फ्लॅटवर केलेल्या खुणा आता पुन्हा बघा. नळी आत असताना ते सूर एक सप्तक वर न्यायचे, दुसऱ्या वाद्याला द्यायचे, की नळी सोडून पाय वापरायचा, ते तालमीतच ठरवा.

## जे उपाय चालत नाहीत

माउथपीस बाहेर काढून सूर उतरवणं: आल्टोच्या लो बी फ्लॅटवर एक सेंटिमीटरने जेमतेम 14 सेंट मिळतात, अर्ध्या सुराला 100 लागतात. त्यात वरचे सूर खालच्यापेक्षा कितीतरी जास्त उतरतात, कारण त्यांची नळी आखूड असते. पूर्ण वाद्य बेसूर, आणि ए अजून दूरच.

बेलमध्ये कापड कोंबणं: आवाज दबतो, सूर थोडा हलतो, पण किती हलेल ते दर वेळी वेगळं. कापडाची सुतं पॅडमध्ये अडकतात ती निराळीच.

फक्त ओठ सैल करणं: वरच्या सुरांवर ओठांनी बराच सूर उतरवता येतो. खालच्या सुरांवर नळीचं चालतं, ओठांचं नाही.

## त्याहून खाली

आल्टोवर 15 सेंटिमीटरच्या आसपासची नळी लावून ए फ्लॅटपर्यंत जाता येतं, पण आवाज पोकळ होतो, सूर वरच्या सप्तकात उडायला टपलेला असतो, आणि लो बीसुद्धा विश्वासाचा राहत नाही. प्रयोग म्हणून करा, मैफलीत भरवसा ठेवू नका.

एक वेगळी वाट गाण्यातून जाते. लो बी फ्लॅट वाजवत असताना त्याचा वरचा पंचम घशातून गा. रीडवर दोन्ही कंपनं एकत्र आली की त्यांच्या वजाबाकीचा तिसरा सूर ऐकू येतो, आणि तो बी फ्लॅटच्या बरोबर एक सप्तक खाली असतो. टेनरवर बी फ्लॅट 103.8 हर्ट्झला वाजतो, पंचम 155.6 हर्ट्झ, वजाबाकी 51.8. आवाज खरखरीत असतो आणि गायलेला सूर नेमका असावा लागतो. पंचम जरा चढला की तळाचा सूर लगेच डगमगतो. आधी वाद्याशिवाय, ट्यूनरसमोर तो पंचम गुणगुणून घ्या. पुरुषांना टेनरवर आणि स्त्रियांना आल्टोवर ही उंची साधारणपणे जास्त सोयीची पडते. यातून सुरावट वाजवता येत नाही, पण एखाद्या लांब सुराला तळ द्यायला हे पुरतं.

## काम झाल्यावर

नळी काढा, बेल उलटी करून फोमचा तुकडा आत राहिला नाही ना ते बघा, आणि लो बी फ्लॅट मंद आवाजात वाजवा. तो आधीसारखा लागला तर वाद्य पेटीत ठेवा. जड झाला असेल तर नळी घालताना-काढताना किंवा मांडी लावताना बेलवरच्या एखाद्या कीला धक्का बसला आहे. दुसऱ्या पायरीतली उतरती ओळ वाजवून कुठला पॅड ते त्याच दिवशी शोधा.